डोळ्यापुढील माश्या आणि विजा



आपल्या भाषेंत 'डोळ्यापुढें काजवे चमकणें' असा एक वाक्प्रचार आहे. मार बसला किंवा एकाएकीं संकट कोसळलें, म्हणजे आपण तो वापरतों. परंतु कांहीं माणसांना हे काजवे खरोखरच दिसतात. मार नसतां, भीति नसतां, दिवेलागणीच्या अंधुक उजेडांत डोळ्याच्या कोपऱ्याशीं वीज चमकून जाते; आणि दुसऱ्या दिवशीं पांढऱ्या भिंतीकडे पाहावें तों एखादी काळी माशी किंवा कोळिष्टक नजरेबरोबर फिरूं लागतें. हातानें हाकलूं गेल्यास ही माशी जात नाहीं, कारण ती खोलींत नसून डोळ्यांत असते. या माशीची आणि या विजेची वैद्यकशास्त्रानें काय किंमत केली, आणि ती किंमत कशी बदलत गेली, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

तक्रार फार जुनी आहे. लॅटिन ग्रंथकारांनीं तिला 'उडत्या माश्या' असेंच नांव दिलें होतें. ग्रीक वैद्य गेलन याच्या परंपरेंत या माश्या कधीं मोतीबिंदूची पूर्वखूण समजल्या जात, तर कधीं पोटांतील बिघाडाचा परिणाम. त्या तर्काला दोष देतां येत नाहीं. जिवंत डोळ्याच्या आंत डोकावण्याचें साधनच तेव्हां कोणापाशीं नव्हतें. तें साधन, म्हणजे नेत्रदर्शक यंत्र, १८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं जगापुढें ठेविलें. डोळ्याच्या मागील भिंतीस अस्तरासारखें चिकटलेलें दृष्टिपटल, ज्यावर आपण पाहतों त्या साऱ्याची प्रतिमा उमटते, तें आतां वैद्यांना दिसूं लागलें. आणि दृष्टि गमावीत चाललेल्या कांहीं डोळ्यांत तें पटल भिंतीपासून सुटून सैल पडद्याप्रमाणें हेलकावे घेत असल्याचेंही त्यांनीं पाहिलें.

रोग दिसला, पण उपाय सांपडला नाहीं. रोग्यांना आठवडेच्या आठवडे निश्चल निजवीत, डोळ्यांवर पट्ट्या बांधीत, घाम काढणारीं औषधें देत, आहारांतील मीठ तोडीत. तरीही हजारांत एखादाच बरा होतो, अशी विसाव्या शतकाच्या आरंभीं नेत्रवैद्यांची निराशा होती. अशा स्थितींत रोग्यानें माशीची तक्रार केली काय आणि न केली काय, फरक तो काय पडणार? ज्या संकटावर इलाज नाहीं, त्याची पूर्वसूचना म्हणजे केवळ अपशकुन.

त्या अपशकुनाला उपयुक्त इशाऱ्याचें रूप देण्याचें श्रेय स्वित्झर्लंडमधील लोझान शहराचे नेत्रवैद्य ज्यूल गोनँ यांचें आहे. त्यांचा जन्म १८७० सालचा. सुटलेल्या पटलांत बारीक छिद्रें वा चिरा आढळतात, हें त्यांच्या आधींही इतरांनीं पाहिलें होतें. पण बहुतेकांच्या मतें चीर हा रोगाचा परिणाम होता. गोनँ यांनीं रोगग्रस्त डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले आणि नेमका उलट निष्कर्ष काढला: चीर हेंच मूळ कारण. डोळ्याच्या पोकळींत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा काचरस भरलेला असतो. तो पटलाला ओढतो, पटल फाटतें, आणि फटींतून पाणी मागें शिरून उरलेलें पटल उकलत जातें. भिंतीवर चिकटविलेला कागद एका कोपऱ्याशीं फाटावा आणि तेथून ओल शिरून सारा कागद सुटून यावा, तसाच हा प्रकार.

कारण कळतांच उपायही ठरला. १९२० च्या सुमारास गोनँ यांनीं चिरेची जागा मोजमाप करून डोळ्याच्या बाहेरील पृष्ठावर निश्चित केली, आणि नेमकें तेथेंच तापलेलें टोंक टोंचून सांचलेलें पाणी वाहूं दिलें. डागाच्या जागीं जो व्रण धरला, त्यानें चीर भिंतीला सांधली. कित्येक वर्षें त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवीना. १९२९ सालीं ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेंत मात्र मत फिरलें.

गोनँ १९३५ सालीं निवर्तले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं लंडनचे नेत्रवैद्य फॉस्टर मूर यांनीं डोळ्याच्या कडेस चमकणाऱ्या अशाच विजांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्या निरुपद्रवी असल्याचें सांगितलें. मग खरें कोणाचें? दोघांचेंही. वय वाढतें तसा काचरस आक्रसतो आणि पन्नाशी-साठीनंतर बहुधा पटलापासून विलग होतो. पटलाला वेदना ठाऊक नाहीं. त्याला कोणीही ओढलें तरी तें एकच उत्तर देतें, 'प्रकाश'! ही वीज. आणि काचरसांतील धाग्यांची पटलावर पडणारी सावली, ही माशी. बहुतेक लोकांत एवढ्यावरच सारें संपतें. परंतु विजा व माश्या नव्यानें सुरू झालेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें दहा ते पंधरा जणांत पटल फाटलेलें आढळतें. आपण कोणत्या गटांतले, हें रोग्याला स्वतःच्या अनुभवावरून ओळखतां येत नाहीं. बाहुली थेंबांनीं विस्फारून आंत पाहणारा नेत्रवैद्यच तें सांगूं शकतो.

गोनँ यांच्या नंतरचा इतिहास वेळ वांचविण्याचा आहे. १९४५ सालच्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहून पटल भाजून घेतलेला एक विद्यार्थी जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकेराट यांच्या पाहण्यांत आला. जो प्रकाश पटल जाळतो तोच मोजून दिला तर चीर सांधील, असें त्यांना सुचलें, आणि १९४९ सालीं त्यांनीं तसे उपचार आरंभिले. आज तेंच काम लेसरचे किरण कांहीं मिनिटांत करतात. पटल सुटल्यावरही दहांतील सुमारें नऊ डोळ्यांत एकाच शस्त्रक्रियेनें तें पुन्हां बसवितां येतें. परंतु मधला, सूक्ष्म दृष्टीचा भाग एकदां सुटला, म्हणजे पटल बसूनही पूर्वीची नजर बहुधा पूर्णपणें परत येत नाहीं.

म्हणून ज्यांच्या डोळ्यांत एखाददुसरी जुनी माशी वर्षानुवर्षें फिरत आहे, त्यांनीं घाबरूं नये. परंतु माश्यांचा एकाएकीं थवा उठला, विजा चमकूं लागल्या किंवा एका बाजूनें काळा पडदा सरकतांना दिसला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. ज्यांना दूरचें पाहण्यास जाड चष्मा लागतो, किंवा ज्यांचा मोतीबिंदू काढलेला आहे, त्यांनीं तर विशेषच जपावें. डोळा दुखत नाहीं, म्हणून घरांतील वडील मंडळी 'उद्यां पाहूं' म्हणतील. गोनँ यांच्या पूर्वीं आज काय आणि उद्यां काय, दोन्ही सारखींच होतीं. आतां तीं सारखीं राहिलेलीं नाहींत.