कंपनीतून निघाली तशी

मिरजेच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची कॉन्टेसा चौदा वर्षं उभी होती. १९८६ चं मॉडेल, आजोबांनी १९९२ साली सेकंडहँड घेतलेलं. टायर बसलेले, बॉनेटवर कबुतरं, मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांचा संसार. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन मी घरी आलो तेव्हा बाबांचं भंगारवाल्याशी बोलणं जवळपास पक्कं झालं होतं. मी म्हटलं, “थांबा बाबा, मी बघतो.”

“तू काय बघणार? तुला स्कूटरचा प्लग बदलता येत नाही.”

खरंच येत नव्हता. पण माझा हेतू स्पष्ट होता. गाडी ओरिजिनल करायची. कंपनीतून निघाली तशी.

आता ही गाडी कंपनीतून कशी निघाली होती, ते शोधायला बसलो आणि तिथेच घोळ सुरू झाला. कॉन्टेसा म्हणजे इटालियन भाषेत काउंटेस, आपल्याकडची सरदारीणबाई म्हणा. पण बाईंचं माहेर इटली नव्हे, इंग्लंड. व्हॉक्सहॉल कंपनीने १९७२ साली व्हिक्टर नावाची गाडी नव्या रूपात आणली. सत्तरचं दशक संपायच्या आत तिथे ती बंद झाली. तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि १९८४ मध्ये कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातून तीच गाडी कॉन्टेसा म्हणून बाहेर पडू लागली. इंग्लंडमध्ये ती मध्यमवर्गीय घरातली गाडी होती. इथे आल्यावर ती मंत्र्यांची, कारखानदारांची आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांची झाली.

तुम्ही-आम्ही नव्वदीनंतर जन्मलेले, त्यामुळे हे जरा समजून घ्यावं लागतं. तेव्हा नवी गाडी बनवायला सरकारी परवाना लागे आणि परदेशातून आणायची तर जबर आयातशुल्क. त्यामुळे इथल्या कंपन्या बाहेर निवृत्त झालेल्या गाड्या आणत. १९८५ मध्ये मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरने ११८ एनई काढली, ती मुळात १९६६ ची फियाट १२४, पोटात निस्सानचं इंजिन. मद्रासच्या स्टँडर्डने त्याच साली रोव्हरच्या देखण्या गाडीत स्वतःचं जुनं इंजिन बसवलं आणि हात पोळून घेतले.

कॉन्टेसाची गोष्ट तीच. सुरुवातीच्या गाड्यांना अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. ते पन्नासच्या दशकातलं, इंग्लंडच्या बीएमसीचं. गंमत म्हणजे याच इंजिनाचा भाऊ तिकडे एमजीए नावाच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये पळत होता. आपल्याकडे मात्र त्याची ताकद पन्नासेक हॉर्सपॉवर, आणि ओढायची काय, तर साडेचार मीटरपेक्षा लांब सरदारीणबाई! पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडी खरी पळू लागली. आमची त्याआधीची.

शेडमध्ये काम सुरू केल्यावर हा इतिहास माझ्या हाताला लागला, अगदी शब्दशः. सिनेमात दाखवतात तसं मला वाटलं होतं की इंजिन हेच सगळ्यांत अवघड. उलट झालं. अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे गॅस्केट, पिस्टन रिंगा, वॉटर पंप सगळं सांगलीत मिळालं. जुन्या मिस्त्रींनी तर डोळे मिटून टॅपेटचा आवाज ओळखला. अडलं कुठे? जिथे ती श्रीमंत होती तिथे. काचेचं रबर, मागचे दिवे, दाराच्या पट्ट्या, क्रोमचे तुकडे. कॉन्टेसा २००२ मध्ये बंद झाली आणि हे सामान दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नाही. लायब्ररी सगळीकडे मिळावी आणि नेमका यूजर इंटरफेसचा कोड हरवावा, तसं. तळाचा पत्रा दोन ठिकाणी सडलेला, तो कापून नवा वेल्ड केला. पेट्रोलच्या टाकीतून गंज निघाला तो बादलीभर.

कागदांचं वेगळंच. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याची फी पाच हजार झाली होती. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करायला २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं लागतात, म्हणजे आमची २०३६ मध्ये पात्र ठरणार. तोवर ती नुसतीच जुनी.

शेवटी राहिलं मागच्या डाव्या दाराचं काच खाली करायचं हँडल. आत्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते तुटलं होतं. गॅरेजवाल्याने अँबॅसिडरचं हँडल कानशीने घासून, ठोकून बसवून दिलं. त्याच खिडकीतून आत्या रडत हात हलवत गेली, असं घरात सांगतात. सात महिने शोधल्यावर कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे मला खरं हँडल मिळालं. आनंदाने बाबांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“हे कशाला?”

“हेच ओरिजिनल आहे बाबा. ते अँबॅसिडरचं आहे.”

“मग इंजिन कुणाचं आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रज सांगाडा, त्याच्याही आधीचं इंग्रज हृदय, बंगाली कारागिरांचे हात, आजोबांनी टेलरकडून शिवून घेतलेले मागचे पडदे, आणि मी बसवलेल्या पिस्टनच्या रिंगा. यातलं कुठलं साल धरून गाडी मागे न्यायची?

“आण्णांनी पैसे दिलेत त्याचे,” बाबा म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

खरं हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय. मागची डावी काच अजून अँबॅसिडरच्या हँडलनेच उघडते. शेवटची चार बोटं मात्र हाताने दाबून खाली न्यावी लागते.