गाडीतलं दुसरं तेल : ब्रेक, स्टिअरिंग आणि कुवेतचा उन्हाळा



इंजिन ऑइल कधी बदलायचं हे आपल्याला विसरता येत नाही, कारण गॅरेजवाला काचेच्या कोपऱ्यात स्टिकर लावून देतो. पण ज्या तेलाच्या जोरावर गाडी थांबते आणि वळते, त्याचा स्टिकर कुठेच नसतो. मुलांना मागच्या सीटवर बसवून आपण फहाहीलहून कुवेत सिटीकडे १०० च्या वेगाने निघतो, तेव्हा भरवसा असतो तो या वाटीभर तेलावर.

हा लेख लिहायचं कारण माझाच अनुभव आहे. सुट्टीहून परतलो तेव्हा ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली दिसली. जवळच्या एका गॅरेजमध्ये पोऱ्याने हाताशी होती ती बाटली उघडली आणि ओतली. तेल लाल होतं. मी फोनवर बोलत होतो, लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी पेडल दगडासारखं घट्ट झालं, चाकांना करपल्याचा वास यायला लागला आणि पाय काढला तरी ब्रेक सुटेनात. बिल साधारण मुंबईच्या तिकिटाएवढं आलं. सिग्नलवर नव्हे तर पार्किंगमध्ये कळलं, हे नशीब.

झालं काय होतं? तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चारही चाकांपर्यंत तो दाब पोचवतं. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर तसाच पुढे जातो. हे तेल अडवून धरतात ती रबराची सील. साध्या गाड्यांत ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि रबरही त्याला साजेसं निवडलेलं असतं. गिअर किंवा पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल खनिज जातीचं. ते लागलं की ही रबरं फुगतात आणि पिस्टन जागेवर अडकतो. उलट चूकही वाईटच : ब्रेक ऑइल स्टिअरिंगच्या टाकीत गेलं तर तिथली सील बिघडतात. असं काही ओतलं गेलं तर गाडी सुरू करू नका, पेडलही दाबू नका. टो करून न्या आणि काय ओतलं ते मेकॅनिकला स्पष्ट सांगा. नुसतं तेल काढून भागत नाही, तेल लागलेले रबराचे भागही बदलावे लागतात.

आता उन्हाळ्याचं. मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. पण हवेच्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळत नाही, त्याचा उत्कलनबिंदू फार वर आहे. त्याचा खरा शत्रू पाणी. ग्लायकॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. ऑगस्ट-सप्टेंबरात कोस वारा सुटतो, दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ येते, ती हवा आठवा. गाडी उभी असली तरी रबरी नळ्यांतून आणि झाकणातून ओल शिरतच राहते. म्हणून हे तेल किलोमीटरवर नव्हे, काळावर बदलायचं : बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.

ओल शिरल्याने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. डॉट ३ जातीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. कुवेत सपाट असल्याने इथे ही वेळ क्वचित येते. पण आपल्यातली कोकणी मुस्लिम कुटुंबं उमऱ्याला स्वतःच्या गाडीने जातात. ताइफहून अल-हदाच्या घाटाने उतरायचं असेल तर निघण्यापूर्वी हे तेल बदललेलं असू द्या. ताइफ सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. कुंभार्ली घाट उतरलेल्याला वेगळं सांगायला नको : गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय नाही. पेडल मऊ लागलं तर ते भराभर पंप करा, गिअर आणखी खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होतं आणि माणूस निश्चिंत होतो. होऊ नका, तेल बदलायलाच हवं.

कुठलं तेल घ्यायचं हे टाकीच्या झाकणावरच छापलेलं असतं, शुवैखच्या दुकानदाराला विचारायची गरज नाही. डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ३ टाकू नका. डॉट ५ नावाचं जांभळं तेल सिलिकॉनचं असतं, ते ग्लायकॉलमध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच, नावाला फसू नका. बाटली सीलबंद आणि लहान घ्या. उघडून वर्षभर डिकीत पडलेली बाटली फेकायच्या लायकीची, कितीही जिवावर आलं तरी. झाकण उघडण्याआधी पुसून घ्या, तोझनंतर तर नक्कीच. तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग निघतो.

पातळी हळूहळू उतरणं म्हणजे बहुधा पॅड झिजले. अचानक उतरली तर गळती, मग गाडी हलवू नका.

स्टिअरिंगची गोष्ट सोपी. नव्या बऱ्याच गाड्यांत ते विजेवर चालतं, तिथे तेलच नसतं. जुन्या टोयोटांना बहुधा डेक्सरॉन जातीचं लाल तेल चालतं, होंडाला मात्र तिचं स्वतःचंच लागतं. वळताना कण्हल्यासारखा आवाज, टाकीत फेस किंवा जळका वास ही लक्षणं. पार्क करताना चाक एका टोकाला दाबून धरू नका, दाब आणि तेलाची उष्णता दोन्ही झपाट्याने वाढतात.

शेवटी तंबूवाल्यांसाठी. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बलदियाच्या परवान्याने वाळवंटात तळ पडतात. तिथे कोणी बाजूला सरकणाऱ्या खोलीची अमेरिकन कॅराव्हॅन भाड्याने घेतली, तर तिची खोली बरेचदा अशाच तेलावर सरकते, आणि पुष्कळ ठिकाणी ते गिअरचंच लाल तेल असतं. पातळी साधारणपणे खोल्या आत आणि जॅक वर घेतल्यावर बघायची, कारण तेव्हाच तेल टाकीत परत आलेलं असतं. खोल्या बाहेर असताना टाकी भरली तर आत घेताना तेल वरून वाहतं. गळती शोधायला हात फिरवू नका : दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीत घुसते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटलच गाठावं लागतं. पंप बंद करा, आणि नळीजवळ पुठ्ठ्याचा तुकडा धरून तपासायचं काम माहीतगारावर सोपवा. खोली सरकत असताना मुलांना आत-बाहेर करू देऊ नका.