गरोदरपणातील रक्तबदल (नाशिक जिल्हा)

गर्भारपणात स्त्रीच्या रक्ताचे आकारमान, घटक व अभिसरण यांत होणारे बदल. रक्तद्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच. त्यामुळे रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिनचा आकडा उतरतो. हा उतार काही अंशी हिताचाच आहे. पातळ रक्त वारेत सहज खेळते आणि बाळंतपणातला रक्तस्राव सोसायला शरीराकडे साठा राहतो. उलट शेवटच्या महिन्यांत आकडा चढा आणि रक्तदाबही वाढलेला, तर रक्त पुरेसे वाढले नसल्याची शंका घ्यावी. हृदय ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलते, मूत्रपिंडांचे गाळण सुमारे निम्म्याने वाढते. रक्त गोठवणारे घटकही वाढतात. म्हणून पायात गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत या नैसर्गिक उताराआड खरा रक्तक्षय लपू शकतो. पूर्ण गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. इथली नागली कॅल्शियमसाठी उत्तम, पण लोहाची एवढी गरज ती एकटी भागवू शकत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, मळमळते, आणि घाबरून बाई गोळी सोडते. काळा रंग लोहाचाच असतो, हे आशाताईने पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये.

फॉलिक अ‍ॅसिडचा शोध महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९२८ साली मुंबईत आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचा गंभीर रक्तक्षय अभ्यासला व तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे सिद्ध झाले.

भिल्लांसह काही आदिवासी जमातींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. म्हणून इथे हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची चाचणीही पहिल्याच तपासणीत हवी. सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीला फॉलिक अ‍ॅसिड द्यावेच लागते. लोह मात्र कमतरता तपासूनच द्यावे. नवराही वाहक असेल तर बाळाला आजार होण्याची शक्यता असते, म्हणून त्याचीही चाचणी करावी.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. मधल्या तिमाहीसाठी ही मर्यादा १०.५ आहे. ७ च्या खाली गेल्यास गोळ्यांवर विसंबू नये, रुग्णालयात दाखल करावे. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या गरोदर स्त्रियांनी तपासणीचे कार्ड सोबत न्यावे. तिथेही दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.