धक्का लागताच संगणक बंद पडतो, तेव्हा...

टेबलाला पाय लागला किंवा केर काढताना झाडू कॅबिनेटला लागला, की चालू संगणक अचानक बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर मात्र तो काहीच न घडल्यासारखा चालू लागतो. त्यामुळे अनेकदा या दोषाकडे दुर्लक्ष केले जाते. वास्तविक, सुस्थितीतील डेस्कटॉप संगणक एवढ्याशा धक्क्याने बंद पडता कामा नये. तसे घडत असल्यास आतील एखादी जोडणी सैल झाली आहे किंवा हार्ड डिस्क नादुरुस्त होत आहे, अशी शंका घ्यावी.

आधी माहिती सुरक्षित करा

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे शीर्ष त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्क्याने ते तबकडीवर आदळल्यास तेथील माहिती कायमची नष्ट होऊ शकते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी छायाचित्रे, हिशेब व कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. 'एसएसडी'मध्ये फिरणारे भाग नसतात. तिला हे भय नाही. मात्र तिचीही जोडणी सैल होऊ शकते.

लक्षणे काय सांगतात?

संगणक दिवा मालवावा तसा पूर्ण बंद होत असेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या मार्गात असतो. आपोआप 'रीस्टार्ट' होत असेल, तर रीसेटचे बटण, त्याची तार किंवा मदरबोर्डवरील शॉर्टसर्किट यांचा संशय घ्यावा. पडदा गोठणे किंवा निळा होणे, ही लक्षणे रॅम, ग्राफिक्स कार्ड अथवा हार्ड डिस्ककडे बोट दाखवतात. पडदा काळा होऊनही गाणे ऐकू येत राहिले, तर मॉनिटरची केबल तपासावी. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते. पण तिचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढाच. कारण तिच्यातून कळत नाही.

बाहेरून आत

प्रथम भिंतीतील सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि कॅबिनेटच्या मागील वीजतार पाहावी. पिन ढिली असल्यास वायर किंवा बोर्ड बदलावा. एवढ्यानेच दोष गेला, तर कॅबिनेट उघडण्याची गरज नाही.

उघडावेच लागल्यास वॉरंटीच्या अटी आधी पाहाव्यात. संगणक बंद करून वीजतार काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि शरीरातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. रॅमच्या पट्ट्या काढून, खाचेची दिशा पाहून, पुन्हा घट्ट बसवाव्यात. दमट हवेत संपर्कबिंदू मळतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावेत. ग्राफिक्स कार्डचा स्क्रू, मदरबोर्डचा २४ पिनांचा प्लग, प्रोसेसरजवळचा वेगळा वीजप्लग आणि हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल दाबून पाहाव्यात. एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डखाली अडकला नाही ना, हेही बघावे. धक्क्याने तो सरकून शॉर्टसर्किट होऊ शकते.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर संगणक वापरून पाहावा. अन्यथा नेमका दोष कोणता होता, हे कळत नाही. रॅम दोन पट्ट्यांची असल्यास एकेक पट्टी लावून चाचणी घ्यावी. दोष तपासण्यासाठी हार्ड डिस्कवर मात्र टकटक करू नये.

कोठे थांबावे?

पॉवर सप्लायची पेटी घरी कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. मदरबोर्डवरील सोल्डरला तडा गेला असल्यासही काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे. हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नांत उरलीसुरली माहितीही जाते.

दोष दूर झाल्यावर कॅबिनेट येण्याजाण्याच्या वाटेतून हलवून सपाट, स्थिर जागी ठेवावे. सैल तार पुन्हा बसवता येते. गमावलेली माहिती परत मिळेलच, याची खात्री नसते.