नारू, बावडी आणि जयपूरचा पाय

जयपूरला गेलात तर आमेरजवळची पन्ना मीणा की बावडी पाहायला तुम्ही नक्की जाल. पिवळसर भिंती आणि आडव्यातिडव्या उतरत जाणाऱ्या पायऱ्या पाहून फोटो काढण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडे अशा विहिरीला बारव म्हणतात. कोरड्या मुलखात पाणी साठवण्याची ही फार देखणी युक्ती, आणि ती बांधणे हे पुण्याचे काम मानले जाई. पण वैद्यकाच्या इतिहासात हीच पायरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. ते कसे घडले, हे या पाठात पाहू. त्यासाठी एका कृमीची आणि माणसाच्या पायाची गोष्ट एकत्र वाचावी लागेल.

कृमीचे नाव नारू. शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. भावप्रकाशासारख्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'स्नायुक' या नावाने त्याचे वर्णन येते. दोऱ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. मादी सुमारे 60 ते 100 सेंटीमीटर लांब असते. शरीरात शिरल्यावर सुमारे वर्षभर ती काही कळू देत नाही. मग बहुधा गुडघ्याच्या खाली कातडीवर फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून पांढरे टोक बाहेर डोकावते. ते टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे ओढायचे, हाच शतकानुशतके चालत आलेला उपाय. घाई करून कृमी तुटली तर आतला भाग सुजतो, पू होतो.

इथे अस्थिरोगाचा संबंध येतो. जखमेतून जंतू शिरले आणि ते घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यापर्यंत पोचले की सांधा सुजतो. कधी तो कायमचा आखडतो, कधी स्नायूंच्या शिरा आवळून पाय वाकडा राहतो. नारूने माणूस सहसा मरत नाही, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत हा रोग जवळजवळ दिसतच नाही. सरकारी नोंदींवरून इतिहास लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. रोगाची खरी किंमत मोजायची तर अंथरुणावर गेलेले दिवस मोजायला हवेत. उन्हाळ्याच्या अखेरीस विहीर तळाला जाते, तेव्हा लागण जास्त होते. कृमी बाहेर येते ती वर्षाने, म्हणजे पुन्हा त्याच सुमारास. शेतकरी पेरणीच्या तोंडावर खाटेवर पडलेला असतो.

हा दोरा पायात येतो कुठून? 1870 मध्ये रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को याने मध्य आशियात दाखवले की नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा प्राण्यात वाढतात. पण असे सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला खरोखर नारू होतो का, हे माणसावरच तपासायचे राहिले होते. तो प्रयोग मुंबईत झाला, आणि करणारा आपल्यातलाच होता. परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत (आजची हाफकिन संस्था) काम करणारे डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी 1913 च्या सुमारास स्वयंसेवकांना बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी पाजले आणि लागण होते हे दाखवून दिले. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. आत्माराम पांडुरंगांचे हे चिरंजीव, आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे पुतणे. दादोबांचे नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, पुतण्याचे क्वचितच कुणाला. आजच्या नियमांत हा प्रयोग बसला असता का? त्या माणसांना काय सांगितले गेले, त्यांची संमती कशी घेतली गेली? वर्गात चर्चा करायची असेल तर इथून सुरुवात करा. शास्त्राचा दुवा मात्र त्यांच्याच शरीरात जुळला.

आता बावडीकडे परत या. ज्याच्या पायाला फोड आला आहे तो आग शमवण्यासाठी पाण्यात पाय घालतो. किंवा पाणी भरण्यासाठी पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभा राहतो. पाय भिजताच मादी लाखो पिल्ले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स ती खातो, आणि दोनेक आठवड्यांत पिल्ले लागण करण्याजोगी होतात. शेजारीण तिथेच घागर बुडवते. कठडा, रहाट आणि दोर असलेल्या विहिरीत हे घडत नाही, कारण पाय पाण्याला लागतच नाही. साखळी एवढीच आहे. ना डास, ना माशी.

म्हणूनच नारूवर लस नाही, त्याला मारणारे खात्रीचे औषध नाही, एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, आणि तरीही तो संपवता आला. भारताने 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. तेव्हा देशात सुमारे 40 हजार रुग्ण नोंदले गेले होते. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ही राज्ये बाधित होती. काम अगदी साधे होते: गावोगाव रुग्ण शोधणे, पाणी कापडाने गाळायला शिकवणे, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे, हातपंप बसवणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांना कठडा घालणे. कागदावर साधे. ज्या बावडीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या गोड लागले ते सोडून हातपंपाचे मचूळ पाणी प्या, हे एखाद्या आजीला पटवणे साधे नव्हते.

राजस्थानात शस्त्रक्रियेचाही एक वेगळा प्रयोग झाला. कृमी कातडीखाली हाताला लागते तेव्हाच, म्हणजे फोड येण्याआधी, लहानसा छेद घेऊन तिला मधोमध आकड्याने पकडायचे आणि चोळत चोळत अख्खी बाहेर काढायची. ही रीत देशी वैद्यांकडून आली होती. जागा बधिर करून आणि निर्जंतुक साधने वापरून ती करून पाहिली, तिचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण लवकर कामाला लागत होता आणि पिल्ले पाण्यात जायची शक्यताच उरत नव्हती. एका हातात उपचार, दुसऱ्यात प्रतिबंध.

याच राज्यातल्या सवाई मानसिंह रुग्णालयात पायाची दुसरी गोष्ट घडत होती. 1968 च्या सुमारास अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि 'मास्टरजी' म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' घडवला. नारूच्या रुग्णांसाठी नव्हे, हे आधीच सांगतो, पाय गमावलेल्यांसाठी. परदेशी धाटणीचे कृत्रिम पाऊल बूट घालून, खुर्चीवर बसणाऱ्यासाठी बनलेले होते. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. असे पाऊल घेऊन गेलेले लोक ते काढून पुन्हा कुबड्या घेत. शर्मांनी व्हल्कनाइज्ड रबर, लाकूड आणि स्पंज यांचे पाऊल ओतले. टायरला रबर चढवताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ते भिजले तरी चालते, घोट्यात वळते, आणि दिसते पावलासारखेच. त्याचे पेटंट घेतले गेले नाही. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ते पाऊल हजारोंपर्यंत मोफत पोचू लागले. 1981 मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फारसे शिक्षण नसलेल्या मास्टरजींचे नाव त्या मानाने मागे राहिले, हे मला खटकते. ते पाऊल ज्यांच्या हातांनी साकारले ते हात त्यांचे होते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवण्याचे कारण आता लक्षात आले असेल. माणूस पाण्यात कसा उतरतो, जमिनीवर कसा बसतो, हे आधी पाहावे लागले. रबराचा साचा असो की विहिरीचा कठडा, दोन्ही त्यानंतरचे.

भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतरही रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर करून शोध चालू ठेवला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आफ्रिकेत मात्र काही मोजके रुग्ण आजही निघतात, आणि चाडमध्ये कुत्र्यांनाही लागण होत असल्याने काम लांबले आहे.

शरीरातच मेलेली कृमी कधी कधी चुन्यासारखी घट्ट होऊन राहते. त्यामुळे राजस्थानातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाचा एक्स-रे काढला तर हाडाशेजारी पांढरी, वेटोळी रेघ दिसू शकते. ती पाहणाऱ्या तरुण डॉक्टरने नारूचा रुग्ण आयुष्यात पाहिलेला नसतो.