औद्योगिक संगीतातील उपरोध आणि निषिद्ध विषय

औद्योगिक संगीत : यंत्रांचे आवाज व गोंगाट, विद्युत् ध्वनिसंश्लेषक, ध्वनिफितींचे कापून जोडलेले तुकडे आणि विरूप केलेला मानवी आवाज यांच्या योगे रचला जाणारा पाश्चात्त्य संगीतप्रकार. १९७० नंतरच्या दशकात तो इंग्लंडमध्ये उदयास आला. युद्ध, छळछावण्या, खून, व्याधी, लैंगिक हिंसा, हुकूमशाही यांसारखे विषय त्याने हाताळले; पण बहुधा त्यांविषयी स्वतःचा कोणताही अभिप्राय न देता. त्यामुळे ही चित्रणे निषेधार्थ आहेत, उपरोधिक आहेत की केवळ आकर्षणापोटी केलेली आहेत, हा वाद कलावंत व रसिक यांच्यात प्रारंभापासून चालत आला आहे. या वादाचा इतिहास हा या संगीताच्या इतिहासाचाच एक प्रमुख भाग होय.

पार्श्वभूमी : यंत्रयुगातील गोंगाट हा संगीताचा विषय होऊ शकतो, हा विचार इटालियन भविष्यवादी कलावंत लुईजी रुस्सोलो (१८८५–१९४७) याने १९१३ मध्ये मांडला होता. १९१६ मध्ये झुरिक येथे सुरू झालेल्या दादा चळवळीने धक्कातंत्राचा आदर्श पुरविला. त्या चळवळीच्या आद्य रंगस्थानाचे ‘कॅबरे व्होल्टेअर’ हे नाव शेफील्ड या पोलादाच्या शहरातील एका वादकसंघाने १९७३ मध्ये स्वतःस घेतले. मजकूर कापून त्याची पुनर्जुळणी करण्याची विल्यम बरोज (१९१४–९७) व ब्रायन गायसिन (१९१६–८६) यांची पद्धतीही या संगीतकारांनी ध्वनीच्या क्षेत्रात आणली.

थ्रॉबिंग ग्रिसल : ‘औद्योगिक संगीत’ ही संज्ञा रूढ झाली ती लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या वादकसंघामुळे (स्थापना १९७५). जेनेसिस पी-ऑरिज (१९५०–२०२०), कोझी फॅनी टूटी, पीटर ख्रिस्टोफरसन (१९५५–२०१०) व क्रिस कार्टर हे त्याचे सदस्य. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत भरलेल्या यांच्या प्रदर्शनावर मोठे वादळ उठले आणि हुजूर पक्षाचा संसद-सदस्य निकोलस फेअरबर्न याने त्यांस संस्कृतीचे विध्वंसक ठरविले. त्याच वर्षी त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण-संस्था स्थापन केली. तिचे बोधचिन्ह म्हणजे वरवर एखाद्या कारखान्याचे अंधुक छायाचित्र वाटे. प्रत्यक्षात ते आउश्विट्झ छळछावणीचे होते. माहितीवरील नियंत्रण हे आधुनिक सत्तेचे साधन असून, समाजाने दृष्टीआड केलेले त्याच्यापुढे मांडणे हाच त्यावरील उपाय होय, अशी या संघाची भूमिका होती.

या पद्धतीचे सौम्य पण अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे १९७९ मधील ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका. तिच्या वेष्टनावर चौघे सदस्य हसतमुखाने, फुलांनी बहरलेल्या गवतात उभे आहेत. नाव व चित्र यांवरून हलक्याफुलक्या संगीताचाच भास व्हावा. परंतु ती जागा आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या बीची हेड येथील कड्यावरची आहे. ज्यास ते स्थळ माहीत आहे, त्यासच हा उपरोध कळतो.

उपरोधाचे स्वरूप : वादाचे मूळ येथेच आहे. व्याजस्तुतीत शब्द स्तुतीचे असतात व तात्पर्य निंदेचे. ऐकणाऱ्यास ते प्रसंगावरून किंवा स्वरातील काकूवरून कळते. औद्योगिक संगीताने ही खूणच जाणीवपूर्वक काढून टाकली. भयानकतेचा निषेध करताच श्रोता निश्चिंत होतो व स्वतःला निर्दोष मानू लागतो. अभिप्राय न दिल्यास त्यास स्वतःच निर्णय करावा लागतो, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे. यावर टीकाकारांचा आक्षेप असा, की खूण नसलेला उपरोध आणि प्रामाणिक गौरव यांचे बाह्यरूप एकच असते. त्यामुळे असा उपरोध गौरव करणाऱ्यास लपण्याची जागा होऊ शकतो. व्हाइटहाउस (स्थापना १९८०) या इंग्लिश संघाने ‘बुखेनवाल्ड’ (१९८१) यासारख्या शीर्षकांखाली कर्णकटू ध्वनी व आक्रमक शब्द यांची टोकाची रूपे सादर केली, तेव्हा हा आक्षेप अधिक तीव्र झाला.

लायबाख : या पद्धतीचा सर्वांत विचारपूर्वक वापर यूगोस्लाव्हियात झाला. स्लोव्हीनियातील ट्रबॉव्हल्ये या खाणींच्या गावी १९८० मध्ये लायबाख हा वादकसंघ स्थापन झाला. लायबाख हे ल्यूब्ल्याना या राजधानीचे जर्मन नाव. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलाच्या स्मृती त्याच्याशी निगडित होत्या. लष्करी थाटाचा गणवेश, भव्य ढोलवादन आणि घोषणांसारखी भाषा यांनी हा संघ कोणत्याही हुकूमशाहीचे प्रतिरूप वाटे. जून १९८३ मधील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्यांनी नेमून दिलेली निवेदने वाचावीत तशी उत्तरे दिली. त्यानंतर ल्यूब्ल्यानात त्या नावाने कार्यक्रम करण्यास बंदी आली व ती १९८७ पर्यंत टिकली. आपण फॅसिस्ट आहोत का, या प्रश्नास त्यांचे प्रसिद्ध उत्तर असे, की हिटलर जितका चित्रकार होता तितकेच आम्ही फॅसिस्ट आहोत.

१९८४ मध्ये लायबाखच्या सहभागाने ‘नॉए स्लोव्हेनिशे कुन्स्ट’ (नवी स्लोव्हीनियन कला) हा कलासमूह निर्माण झाला. त्याच्या चित्रसंकल्पन-शाखेने १९८७ च्या ‘युवक दिना’साठी पाठविलेले भित्तिपत्रक अधिकृत परीक्षकांनी पसंत केले. पुढे उघडकीस आले, की ते रिखार्ट क्लाइन याच्या १९३६ मधील नाझी चित्रावरून केलेले असून त्यातील ध्वज व पक्षी तेवढे बदललेले होते. समाजवादी राज्याला स्वतःची प्रतिमा नाझी चित्रात दिसली व ती आवडली, ही गोष्ट कोणत्याही निषेधपत्रकापेक्षा अधिक बोलकी ठरली. तत्त्वज्ञ स्लाव्हॉय झिझेक (१९४९– ) याने याचे स्पष्टीकरण केले, की सत्तेची भाषा मनोमन न मानता वापरणाऱ्या नागरिकांवरच ती सत्ता टिकून असते. म्हणून थट्टेपेक्षा तीच भाषा अक्षरशः खरी मानून उच्चारणे सत्तेस अधिक अडचणीचे ठरते.

वादाची तीव्रता : सर्वत्र असा निर्वाळा मिळाला नाही. डेथ इन जून (स्थापना १९८१) या इंग्लिश संघाचे दोघे संस्थापक पूर्वी डाव्या विचारांच्या पंक संघात होते. परंतु नाझी काळाशी निगडित चिन्हांमुळे हा संघ कायम वादग्रस्त राहिला. त्यांपैकी टोनी वेकफर्ड याने आपण पूर्वी ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या पक्षाचे सदस्य होतो याची २००७ मध्ये जाहीर कबुली देऊन त्याबद्दल खेद व्यक्त केला. चिन्हे केवळ संदिग्ध आहेत, असे मानणाऱ्या रसिकांना यामुळे फेरविचार करावा लागला.

गैरसमज उलट दिशेनेही झाले. कॅनडातील स्किनी पपी (स्थापना १९८२) या संघाने प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध उघड भूमिका घेतली होती. तरीही १९८८ मध्ये सिनसिनॅटी येथे रंगमंचावरील पेंढा भरलेला कुत्रा कोणास खरा वाटला आणि पोलिसांनी सदस्यांस ताब्यात घेतले. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन विद्यालयात विद्यार्थ्यांचे हत्याकांड झाले. हल्लेखोरांपैकी एकाने के.एम.एफ.डी.एम. या जर्मन संघाची गीते उद्धृत केली होती. आपले संगीत युद्ध, दडपशाही व फॅसिझम यांविरुद्ध आहे, असे निवेदन त्या संघास काढावे लागले. जे रचनेत गृहीत धरले होते, ते आता गद्यात सांगावे लागले.

२०१२ मध्ये हा वाद प्रत्यक्ष रंगमंचावर आला. माँट्रिऑल येथील किनेटिक महोत्सवात अॅड्व्हर्सरी या कॅनडियन कलावंताने, आपल्यानंतर वादन करणाऱ्या काँबीक्राइस्ट आणि व्हिएन्नाच्या नाख्टमार या संघांच्या कलाकृतींतील स्त्रीद्वेषी व वंशवादी प्रतिमांवर टीका करणारी चित्रफीत दाखविली. ही सारी थट्टा आहे, या समर्थनावर टीकाकारांचा प्रश्न असा होता, की जिची थट्टा केली जाते ती सत्ता येथे नेमकी कोणती?

मूल्यमापन : लायबाखसमोर असे राज्य होते, की जे स्वतःची प्रतीके गंभीरपणे पुजत होते, त्यामुळे त्या प्रतीकांचे अतिरिक्त अनुकरण त्यास उघडे पाडू शकले. असे लक्ष्य नसेल तेथे तीच चिन्हे केवळ वेषभूषा होतात. उपरोध चिन्हात नसून चिन्ह, प्रसंग व श्रोता यांच्या संबंधात असतो. म्हणून एका पिढीने जाणीवपूर्वक सोडलेली खूण पुढच्या पिढीच्या हाती केवळ सवय म्हणून आली, तेव्हा तिचा अर्थ पालटला. श्रोत्यास अस्वस्थ करणे हा या संगीताचा मूळ हेतू होता. तो श्रोता निर्धास्तपणे त्या प्रतिमांत रमू लागला, तर मूळ हेतू साधला असे म्हणता येत नाही, ही जाणीव अलीकडच्या कलावंतांत व रसिकांत वाढत गेलेली दिसते.