दगडात कोरलेली ओळख

‘मी कोण?’ हा प्रश्न वाढत्या वयात प्रत्येकाला पडतो. आपल्या मावळात, लोणावळ्याजवळच्या कार्ले चैत्यगृहात, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्याचे उत्तर कोरून ठेवले आहे. ब्राह्मी लिपीतील त्या प्राकृत लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, आहे. तेथलाच गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, सिंहदत्त आहे आणि यवन सिहधयही आहे. कोणी गाव सांगितले, कोणी पिता, कोणी धंदा. यवनाने आपले यवनपण लपविले नाही. तरी त्याचा खांब इतरांच्या खांबांच्या ओळीतच उभा आहे.

आपल्यातील अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार ही आडनावेही धंद्यावरूनच पडली. सिंहदत्ताला आज आपण अत्तारच म्हटले असते! धर्म, मातृभाषा, गाव, धंदा यांपैकी एक सांगितल्याने दुसरे पुसले जात नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही नावे टिकली ती केवळ जन्मामुळे नव्हे. सुताराच्या व गांधिकाच्या नावापुढे दार आहे, यवनाच्या नावापुढे खांब. पालकांकडून नाव मिळते; त्यापुढचा शब्द ज्याचा त्यानेच कोरायचा असतो.